गेरूची खूण

गेल्या सेमिस्टरला माझी एक असाइनमेंट लाल शेरा होऊन परत आली. नुसतं ‘रिपीट’. काय चुकलं ते लिहिलेलं नव्हतं, आणि विचारायची हिंमत मला झाली नाही. मुकाट्याने पुन्हा लिहून दिली. त्याच दिवसांत डेव्हिड टेंपलबद्दल वाचलं, आणि आपण गप्प का बसलो याची लाज वाटली.

टेंपल हा ऑस्ट्रेलियातला, मेंढ्यांची लोकर कातरणारा कामगार. १८८६ साली जमीनदारांनी ठरवलं, शंभर मेंढ्यांमागे मिळणारे २० शिलिंग आता साडेसतरा करायचे. टेंपल तेव्हा जेमतेम विशीतला. आणि कामगार कसे? हंगामापुरते, एका शेडवरून दुसऱ्या शेडवर भटकणारे. अशांना एकत्र कसं आणायचं? त्याने खाण कामगारांचे अनुभवी पुढारी विल्यम स्पेन्स यांना गाठलं. बॅलरॅटला संघटना उभी राहिली. स्पेन्स अध्यक्ष, टेंपल सेक्रेटरी. मग शेडोशेडी जाऊन सभासद गोळा करणं सुरू झालं.

पण मला दरापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकली. कातरणी नीट झाली नाही असं मालकाला वाटलं, की तो त्या मेंढीवर गेरूची खूण करायचा. खूण झाली की त्या मेंढीचे पैसे नाहीत! लोकर मात्र मालकाचीच. दाद कुठे मागणार?

आता कोणी म्हणेल, क्वालिटी नको का तपासायला? हवीच की! घाईत कातरलं तर मेंढीला जखमा होतात, लोकरीचे तुकडे पडतात. पण प्रत्येक रिजेक्शनमागे ज्याचे पैसे वाचतात, तोच एकटा इन्स्पेक्टर असेल तर त्याला तपासणी म्हणायचं का? संघटनेची लढाई नुसत्या अडीच शिलिंगांची नव्हती. नियम आधी ठरलेले असावेत, आणि ते दोघांनी मिळून ठरवावेत, यासाठीही होती.

सगळंच गोड नव्हतं. न्याय मागणाऱ्या याच संघटनेने पुढे चिनी कामगारांना दार बंद केलं. हे वाचून वाईट वाटलं, पण ते लपवून लेख लिहिणं मला पटत नाही. स्पेन्स पुढे खासदार झाले, कॅनबेराच्या एका उपनगराला त्यांचं नाव आहे. टेंपलचं नाव फारसं कोणी घेत नाही. १८९४ मध्ये या संघटनेतून झालेली ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियन मात्र आजही आहे.

उद्या आपण नोकरीला लागू. कोणी आपल्या कामावर खूण करेल, कधी आपण दुसऱ्याच्या कामावर करू. दोन्ही वेळेला एक प्रश्न विचारायचा: कुठल्या नियमाने?

मी तो सरांना अजून विचारलेला नाही. या आठवड्यात विचारणार आहे.