'हर्बल' म्हणजे नेमकं काय हो?

मंडळी, 'हर्बल' हा शब्द कशालाही चिकटवला की ती वस्तू एकदम सात्त्विक होते. हर्बल शांपू, हर्बल टूथपेस्ट, हर्बल चहा... आणि हर्बल हुक्का! ऐकून वाटतं, आजीच्या बटव्यातलंच काहीतरी चिलमीत भरलंय. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वीकेंडला बाहेर पडणाऱ्यांना हा शब्द नवीन नाही. ऑफिसच्या ग्रुपमध्ये कुणीतरी 'हे लीगल आहे का रे?' असं विचारतं, दुसरा 'हर्बल आहे, चालतं' म्हणतो आणि विषय संपतो.

पण खरंच चालतं का? सरळ उत्तर नाही, आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच आहे.

थोडा इतिहास. २०११ मध्ये मुंबई महापालिकेने खाद्यगृहांच्या परवान्यात अट घातली, की तंबाखू, सिगरेट, विडी, हुक्का काहीही ठेवायचं नाही, द्यायचं नाही. हायकोर्टाने ती उचलून धरली. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये ती अट रद्द झाली. कारण साधं होतं. २००३ च्या केंद्राच्या तंबाखूविरोधी कायद्याने तीस किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला वेगळा स्मोकिंग एरिया ठेवायची मुभा दिली आहे. कायद्याने दिलेली मुभा महापालिका एका परिपत्रकाने काढून घेऊ शकत नाही.

मग आली २९ डिसेंबर २०१७ ची रात्र. लोअर परळच्या कमला मिल्समधल्या दोन रूफटॉप पबना आग लागली आणि १४ जण गेले. हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांनी आग लागली असावी, असं अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आलं. त्यानंतर महाराष्ट्राने २००३ च्या कायद्यात दुरुस्ती केली. ऑक्टोबर २०१८ पासून राज्यात हुक्का पार्लर चालवायला बंदी आहे, रेस्टॉरंटमध्येसुद्धा. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. चांगली कडक आहे.

आता गंमत बघा. आग लागली ती कोळशामुळे, आणि दुरुस्ती कुठे झाली? तंबाखूच्या कायद्यात! त्यामुळे 'हुक्का बार'ची व्याख्याही 'लोक जमून जिथे हुक्क्यातून तंबाखू ओढतात ती जागा' अशीच झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर कंडिशन चुकीच्या व्हेरिएबलवर लावली. तंबाखू असेल तर बंद, नसेल तर प्रोग्रॅम पुढे चालू! आणि तंबाखू 'नाही' म्हणायला काय लागतं? डब्यावर एक लेबल. पान रसना, डबल ॲपल, पुदिना... वास सगळ्यांचा गोडच. चिलमीत काय आहे हे नाकाने कळत नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. रिपोर्ट येईपर्यंत धाड पडलेली असते, पार्लर सीलही झालेलं असतं, किंवा 'समजुतीने' पुन्हा सुरूही झालेलं असतं. कायदा धूसर असला की समजुतीला भाव येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

एप्रिल २०२३ मध्ये चेंबूरच्या एका रेस्टॉरंटचं प्रकरण हायकोर्टात आलं. हर्बल हुक्का दिल्याबद्दल महापालिकेने परवान्यावर कारवाई केली होती. कोर्ट महापालिकेच्या बाजूने उभं राहिलं. खाद्यगृहाचा परवाना म्हणजे हुक्क्याचा परवाना नव्हे. जिथे बायका-मुलं, म्हातारी माणसं जेवायला येतात तिथे हुक्का हा मेन्यूतला पदार्थ असू शकत नाही, असा एकूण सूर होता. निकाल मला पटतो. पण तो उभा आहे महापालिकेच्या खाद्यगृह परवान्यावर. मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे. तिथे महापालिका वेगळी आणि तिचा कायदाही वेगळा. एकच कोळसा, एकच धूर, आणि नाक्याच्या दोन बाजूंना दोन वाद घालायचे?

'पण हर्बलमध्ये निकोटिनच नसतं ना,' असं मित्र म्हणतात. नसेल, मान्य. पण हुक्का चालतो कोळशावर. जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडणारच, त्याला वरचा फ्लेवर काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये तंबाखूचा आणि बिनतंबाखूचा असे दोन्ही धूर तपासले. निकोटिन सोडलं तर बाकीची विषारी द्रव्यं दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. आपण तो धूर तासभर घेऊन घरी जातो. एसी लावून बंद केलेल्या त्या खोलीत रात्रभर चिमट्याने निखारे बदलणारा पोरगा मात्र आठवड्याचे सहा दिवस घेतो. त्याला कुणी विचारलंय, हर्बल आहे का म्हणून?

आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. २००३ च्या कायद्यात तंबाखू विकण्यावर बंधनं आहेत. अठरा वर्षांखालच्यांना विकायचं नाही, शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत विकायचं नाही, पाकिटावर इशारा हवा. 'आमच्यात तंबाखूच नाही' म्हटलं की यातलं एकही बंधन लागू होत नाही. म्हणजे अकरावीतल्या मुलाला सिगरेट विकणं गुन्हा, पण त्याच्यापुढे निखाऱ्यांचा हुक्का ठेवला तर हा कायदा गप्प. मुलांना वाचवायला केलेल्या कायद्यातून पळवाट निघाली, तीही मुलांच्याच दिशेने!

दुसरी बाजूही आहे, आणि ती फालतू नाही. दारू चालते, स्मोकिंग एरियात सिगरेट चालते, मग सज्ञान माणसाने हुक्का ओढला तर सरकारच्या पोटात का दुखतं? प्रश्न बरोबर आहे. स्वतःच्या घरात ओढायचा तर ओढा, माझं काही म्हणणं नाही. पण रेस्टॉरंटमधली हवा सगळ्यांची असते, आणि आग लागली तर जिनाही सगळ्यांचा तोच असतो. सिगरेटच्या थोटकात आणि ट्रेमधून टेबलाटेबलावर फिरणाऱ्या निखाऱ्यांत फरक आहे की नाही?

मग करायचं काय? कर्नाटकने फेब्रुवारी २०२४ मध्ये हुक्क्यावर सरसकट बंदी आणली. तंबाखू असो वा नसो, निकोटिन असो वा नसो, असं स्पष्ट लिहून. तिथल्या हायकोर्टाने ती एप्रिलमध्ये कायम केली. इतकं टोकाला जायचं की नाही यावर वाद होऊ शकतो. मला विचाराल तर आपल्या विधिमंडळाने निदान एक वाक्य बदलावं: खाद्यगृहात कोळशावर चालणारा हुक्का नाही, आत काहीही भरलेलं असो. आणि बाहेर कुठे वेगळी परवानगी द्यायचीच असेल, तर वयाची अट, अग्निशमन दलाचा दाखला आणि हवा खेळती राहायची सोय, हे सगळं कायद्यातच लिहून द्या. म्हणजे मालकाला कळेल काय चालतं, पोलिसाला प्रयोगशाळेची वाट बघायला नको, आणि 'समजुती'लाही जागा उरणार नाही.

हर्बल म्हणजे काय, हा वाद मग शांपूवाल्यांनी खुशाल घालावा.