विश्लेषण : हेडफोन न ऐकताच विकत घ्यायचा, तर निवडायचा कसा?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोफळीत कुणाला चांगला हेडफोन घ्यायचा असेल, तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. चिपळूणच्या बाजारात जाऊन सीलबंद खोका आणायचा किंवा मोबाइलवर इतरांनी दिलेले तारे मोजून ऑर्डर द्यायची. दोन्हीकडे वस्तू ऐकून पाहायची सोय बहुधा नसते. आंबा हुंगून आणि तांदूळ दाताखाली चावून घेणारे आपण, ऐकण्याची वस्तू मात्र न ऐकता घेतो. गेल्या काही वर्षांत दोन हजारांपासून दहा हजारांपर्यंत खरोखर चांगले हेडफोन मिळू लागले आहेत. प्रश्न आहे तो त्यातला आपला कोणता, हे घरबसल्या ओळखायचे कसे, याचा.

‘ऑडिओफाइल’ हेडफोन म्हणजे नेमके काय?

ऑडिओफाइल म्हणजे आवाजाच्या दर्जाचा चोखंदळ श्रोता. त्याच्यासाठीचा हेडफोन म्हणजे ध्वनिमुद्रणात जे आहे ते शक्य तितके न बदलता कानापर्यंत पोहोचवणारा. बाजारातले बरेच स्वस्त इअरफोन याच्या उलट वागतात. पहिल्या दहा सेकंदांत ग्राहक खूश व्हावा म्हणून त्यात खालचे स्वर, म्हणजे बास, मुद्दाम फुगवलेला असतो. हे मिसळीवर तर्री वाढवण्यासारखे आहे. पहिला घास झणझणीत लागतो, पण मटकीची चव कळत नाही. फुगवलेला बास गायकाच्या आवाजावर चढतो आणि अर्ध्या तासात डोके जड होते. खोक्यावर ‘एक्स्ट्रा बास’ असे मोठ्या अक्षरांत असेल, तर ती सूचना समजावी.

किंमत वाढली की आवाज सुधारतो का?

सुधारतोच असे नाही. ‘जर्नल ऑफ द अकॉस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका’ या नियतकालिकात २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजमापांची तुलना प्रसिद्ध झाली. कोणता स्वर किती जोरात ऐकू येतो याचा आलेख, म्हणजे ‘फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स’, आणि किंमत यांच्यात तीत काहीही संबंध आढळला नाही. त्याच्या काही वर्षे आधीपासून हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी सामान्य व प्रशिक्षित श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून बहुतेकांना कोणता समतोल आवडतो हे शोधले. तो ‘हार्मन वक्र’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या आसपास आवाज बसवायला महाग धातू किंवा चामडे लागत नाही. त्यामुळेच चिनी कंपन्यांनी दोन हजारांच्या आसपासच्या इअरफोनमध्येही तो बसवून दाखवला. जास्त पैशांत मजबुती, मऊ गाद्या, बदलता येणारी वायर आणि काही वेळा अधिक तपशील मिळतो. सुरेलपणा मात्र किमतीबरोबर आपोआप येत नाही.

पारख करायची तर काय ऐकायचे?

परदेशी परीक्षणांत ज्या रॉक आणि जॅझ गाण्यांवर हेडफोन तपासतात, ती आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलीच नसतात. त्यापेक्षा आपल्या कानात मुरलेले चार आवाज घ्यावेत.

पहिला तानपुरा. जवारीमुळे एकाच तारेतून अनेक उपस्वर झंकारतात. बास फुगवलेल्या इअरफोनवर त्याची नुसती घूं घूं होते. चांगल्या हेडफोनवर तारा एकामागून एक सुट्या कळतात. दुसरा तबला. डग्ग्याची घुमक आणि तबल्याची चाट एकाच वेळी, तरीही वेगवेगळी ऐकू आली पाहिजे. तिसरा मराठी ‘च’ आणि ‘स’. ‘चार’, ‘चांदणे’, ‘सांज’ असे शब्द गायिकेच्या तोंडी आले की तीव्र स्वर अती वाढवलेल्या हेडफोनवर ते कानाला टोचतात. दबलेल्या हेडफोनवर तेच शब्द बोबडे वाटतात. चौथा मोठा वाद्यमेळ. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले होते. त्या गाण्यांत व्हायोलिनचा ताफा आणि त्यावर येणारा देशी ठेका एकमेकांत न मिसळता ऐकू येतो का, ते पाहावे.

कोकणातल्या वाचकाकडे आणखी एक मोजपट्टी आहे. शिमग्यात पालखीपुढे वाजणारा ढोल त्याने जवळून ऐकलेला असतो. त्यात आधी टिपरीचा कडक आघात येतो, मग छातीत घुमणारा नाद, आणि तो लगेच ओसरतोही. वाईट इअरफोनवर आघात हरवतो आणि नाद रेंगाळत राहतो.

एक सावधगिरी हवी. पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले ते १९५५ मध्ये. त्या काळची ध्वनिमुद्रणे मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारी. अशा गाण्यात डावी-उजवी बाजू शोधू नये. चांगला हेडफोन जुन्या तबकडीची खरखरही स्पष्ट ऐकवतो, तो त्याचा दोष नव्हे.

दोन हजारांच्या आसपास काय मिळते?

या गटात कानाच्या आत बसणारे वायरचे इअरफोनच सरस ठरतात. मूनड्रॉपचा ‘चू’ २०२२ मध्ये आणि ‘चू २’ २०२३ मध्ये आला. ‘चू २’चा कल समतोलाकडे आहे. गायकाचा आवाज पुढे आणि स्वच्छ, बास आटोपशीर. भावगीत, नाट्यगीत, ख्याल ऐकणाऱ्याला तो लगेच रुचेल. पहिल्या ‘चू’ची वायर कायमची जोडलेली होती, दुसऱ्याची बदलता येते. वायर तुटली की इअरफोन फेकायचा, ही आपल्याकडची नेहमीची रड त्यामुळे टळते. सेव्हनहर्ट्‌झचा ‘सॅलनोट्स झीरो’ याच जातकुळीचा, बासला आणखी हलका हात असलेला. ‘झीरो २’मध्ये तो बास थोडा भरला आहे.

केझेडचा ‘झेडएसएन’ (२०१८) वेगळ्या स्वभावाचा. बास आणि तीव्र स्वर दोन्ही वर, मधला गळा मागे. नाचाची गाणी त्यावर उठावदार वाटतात, पण संथ आलापीत गायक दोन पावले मागे सरकल्यासारखा होतो आणि झांज टोचते.

इथे एक गोष्ट परीक्षणांहून महत्त्वाची. कानात बसणाऱ्या रबरी टिपेचा आकार चुकला आणि फट राहिली तर बास निघून जातो. सोबत आलेल्या तिन्ही आकारांच्या टिपा लावून पाहाव्यात. डाव्या-उजव्या कानाला वेगळा आकार लागला तरी त्यात नवल नाही. ‘आवाज पातळ आहे’ ही तक्रार पुष्कळदा टीप बदलल्यावर मिटते.

तीन ते दहा हजारांत कोणते पर्याय?

कॉसचा ‘पोर्टा प्रो’ १९८४ पासून फारसा न बदलता विकला जातो. कानावर टेकणारा, हलका, उबदार आवाजाचा. बास थोडा गोलसर, पण गळा गोड. दोष एकच, तो उघडा आहे. आतले गाणे शेजाऱ्याला आणि बाहेरचा गोंगाट आपल्याला ऐकू येतो.

ऑडिओ-टेक्निकाचा ‘एम२०एक्स’ बंद कपांचा. त्यात फार खोल बास नाही, पण बोलणे आणि गाणे स्पष्ट. अभ्यासाची व्याख्याने, बातम्या, कीर्तन यांसाठी पैसे वसूल. त्याच घरातला ‘एम४०एक्स’ अधिक समतोल आणि वायर बदलता येणारा. सोनीचा ‘एमडीआर ७५०६’ १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत दिसतो. तो ध्वनिमुद्रणातल्या चुका शोधण्यासाठी घडवलेला आहे. श्वास, ओठांचा आवाज, ‘स’ची धार, काहीही लपवत नाही. संकलन करणाऱ्याला तो वरदान आहे. दुपारी आडवे होऊन ऐकणाऱ्याला मात्र तासाभरात थकवा येऊ शकतो.

फिलिप्सचा ‘एसएचपी ९५००’ पूर्ण उघडा. आवाज डोक्यात न कोंडता बाजूंना पसरतो, मैफलीत पुढच्या रांगेत बसल्यासारखे वाटते. ढोल मात्र त्यावर बारीक होतो. हे सर्व फोनवर चालतात. याउलट सेनहायझरच्या ‘एचडी ६००’सारखे ३०० ओहमचे नामांकित हेडफोन नुसत्या फोनवर पुरेसे खुलत नाहीत, त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. खरेदीपूर्वी ओहमचा आकडा पाहावा. साधारण १६ ते ६४ ओहमपर्यंत फोनची अडचण सहसा येत नाही.

कोकणच्या पावसात कोणता टिकतो?

हा प्रश्न इंग्रजी परीक्षणांत सापडत नाही. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ‘पोर्टा प्रो’ किंवा ‘एसएचपी ९५००’ उघड्या खिडकीसारखे आहेत. गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला जातो. घाटातून कराडकडे जाणाऱ्या एसटीतही तेच. अशा जागी कान बंद करणारा इअरफोन किंवा बंद कपांचा हेडफोनच योग्य. मात्र घाट चढता-उतरताना कानात दडा बसतो, तेव्हा घट्ट बसलेला इअरफोन क्षणभर काढणे बरे. रस्त्याने चालताना तर तो कानात नसलेलाच चांगला.

दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे सुटतात. म्हणून बदली गाद्या मिळतात का, हे आधीच पाहावे. वापरून झाल्यावर इअरफोन पुसून कोरड्या डबीत ठेवला तर तो जास्त टिकतो.

वायर की ब्लूटूथ?

त्याच पैशांत वायरचा हेडफोन बहुधा चांगला वाजतो, कारण ब्लूटूथच्या किमतीत बॅटरी, चिप आणि चार्जिंगची डबीही असते. बॅटरी काही वर्षांत दमते. वायरचा ‘पोर्टा प्रो’ मात्र दशकभराने तसाच वाजतो. आवाजाच्या दर्जाचे म्हणाल, तर सोनीची ‘एलडॅक’ पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवते, सीडीवर ती १,४११ असते. हा फरक एसटीत कुणालाही कळणार नाही. नीट बसवलेला आवाज आणि बिघडवलेला आवाज यांतला फरक मात्र कुणालाही कळतो.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा अडॅप्टर लागतो. त्यात डॅक, म्हणजे डिजिटल माहितीचा आवाज करणारी चिप, असलेलाच घ्यावा. नुसती जोडणी करून देणारे स्वस्त अडॅप्टर प्रत्येक फोनवर चालत नाहीत.

आणि कानांचे काय?

पोफळीत या प्रश्नाला वेगळा अर्थ आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून इथल्या भूमिगत वीजगृहात येते आणि १९६२ पासून तिथे जनित्रे फिरत आहेत. यंत्राच्या आवाजात काम करणाऱ्याच्या कानांचा विचार कायद्याने केला आहे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. पण तोच माणूस घरी येऊन इअरफोन लावतो, तेव्हा त्याला थांबवणारे कुणी नसते.

जागतिक आरोग्य संघटनेचा करमणुकीसाठीचा हिशेब याहून कडक आहे. प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, ९० डेसिबलचा मात्र फक्त चार तास. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलची आहे. जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांच्या कानांना अशा ऐकण्यामुळे धोका असल्याचा इशारा या संघटनेने दिला आहे. कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मोठ्या आवाजाने बाधा होते ती आधी तीव्र स्वर ऐकण्याला. म्हणजे तानपुऱ्याचे झंकार आणि ‘स’, ‘च’ची स्पष्टता पहिल्यांदा जाते. ज्यासाठी चांगला हेडफोन घ्यायचा, तेच हरवते. मग लाखाचा हेडफोनही ते परत आणू शकत नाही.

मग काय करावे?

आधी आपण कुठे आणि काय ऐकतो ते ठरवावे. प्रवासात आणि पावसात ऐकणाऱ्याने दोन हजारांचा समतोल वायरचा इअरफोन घ्यावा, त्याचे समाधान झाले तर पुढे जाऊच नये. रात्री शांत घरात ऐकणाऱ्याने उघड्या हेडफोनचा विचार करावा. तीन-चार मित्रांनी वेगवेगळे घेऊन आठवडाभर अदलाबदल केली, तर तीच आपली ‘डेमो रूम’. उघडलेला माल परत घेतला जातो का, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे, कारण कानात बसणाऱ्या वस्तूंबाबत अनेक विक्रेते नकार देतात. फोनच्या सेटिंगमध्ये कमाल आवाजाची मर्यादा असेल तर पहिल्याच दिवशी लावावी.

विक्रेत्यांनाही सांगायला हवे. जी वस्तू केवळ ऐकण्यासाठी आहे, ती ऐकवल्याशिवाय विकणे ही सोय दुकानदाराची आहे, ग्राहकाची नाही. तालुक्याच्या बाजारात एका काउंटरवर चार हेडफोन उघडे ठेवायला आणि टिपा पुसायला थोडे स्पिरिट ठेवायला फार खर्च येत नाही. कंपन्यांनी खोक्यावर ‘दमदार बास’ लिहिण्याऐवजी किती आवाजात किती वेळ ऐकणे सुरक्षित, हे मराठीत लिहिले तर अधिक बरे.

चांगल्या हेडफोनची शेवटची खूण सोपी आहे. तो लावल्यावर आवाज वाढवावासा वाटत नाही. कमी आवाजातही डग्गा, गळा आणि तानपुरा आपापल्या जागी ऐकू येत असतील, तर खरेदी बरोबर झाली. पैसेही वाचले आणि कानही.