एक ते बारा

तुळशीचे लग्न झाले की आमच्याकडे कार्यांची गर्दी उडते. पांढुर्ण्याचे असेच एक कार्य आटोपून सौंसरला पुतण्याकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. (२०२३ पासून ही दोन्ही गावे एकाच, पांढुर्णा जिल्ह्यात नांदतात.) अंगणात सूनबाई आंबिया बहाराची संत्री निवडीत होत्या, आत चिरंजीव संगणकापुढे चिंतामग्न.

"काका, सहकाऱ्याने लिहिलेला पायथॉनचा प्रोग्राम तपासतो आहे. मी 'ठीक' म्हटल्याशिवाय तो मुख्य कामात मर्ज करीत नाहीत."

वाचकहो, पायथॉन ही गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली प्रसृत केलेली संगणकाची भाषा. प्रोग्राम वर्षभराच्या पगाराची बेरीज करणारा होता. महिने मोजण्यासाठी त्यात 'रेंज' या शब्दापुढे कंसात १ आणि १२ असे आकडे होते. आपण म्हणू, एक ते बारा. परंतु पायथॉन शेवटचा आकडा मोजणीत धरीत नाही, अकरावरच थांबतो. डिसेंबरचा पगार गळाला! आणि प्रोग्राम कुठे अडखळत नाही, मुकाट्याने चुकीची बेरीज देतो.

"मग सांगून टाक की!"

"ते मला ज्येष्ठ आहेत. काम त्यांनीच शिकविले. मागे एकदा संकोचाने न वाचताच मी 'ठीक' लिहिले. चूक पुढे गेली आणि बोल त्यांना लागला."

थोड्या वेळाने त्याने लिहिले : 'येथे डिसेंबरही धरायचा आहे ना? मग शेवटचा आकडा १३ हवा. बाराही महिन्यांची एक चाचणी सोबत जोडू या.' 'तुम्ही चुकलात' हे शब्द त्यात कोठेही नव्हते. सायंकाळी उत्तर आले, 'बरे झाले, पाहिलेस.' दुरुस्ती झाली, चाचणी उतरली, तेव्हाच त्याने 'ठीक' म्हटले.

आयबीएममधील मायकेल फेगन यांनी अशा तपासणीची शिस्तबद्ध रीत १९७६ सालीच लिहून प्रसिद्ध केली होती. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण मनात जे असते तेच तो कागदावर वाचतो. म्हणून दुसरा डोळा हवा.

आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांची चूक दाखविणे म्हणजे अनादर, असे आपण मानीत आलो. पण न वाचता दिलेल्या होकाराने ज्येष्ठांचा मान राहतो काय? त्या पोराला हे एका चुकीने शिकविले. मला त्याच्याकडून या वयात शिकावे लागले.