हार्डडिस्कचा सातबारा कुणाच्या नावावर?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून आमच्याकडे शाळा असो, ग्रामपंचायत असो नाहीतर सोसायटीचं ऑफिस, एकच वाक्य कानावर येतंय. "हा पीसी आता भंगार. याच्यावर अकरा चढत नाही." दुकानदार म्हणतो, मेंटेनन्सला येणारा पोरगा म्हणतो, आणि दोघांचं ऐकून हेडक्लार्क निर्लेखनाची फाईल उघडतो.

अकरा चढत नाही हे खरं आहे. त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली जवळपास सगळी मशीन बाद. पण भंगार कशावरून? मॉनिटर ठणठणीत, रॅम आठ जीबी, प्रोसेसर चालू. एका कंपनीने अपडेट थांबवलं एवढ्यावर जनतेच्या पैशाने घेतलेली वस्तू मोडीत काढायची?

दुसरा रस्ता आहे, तो नवाही नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली 'माया' नावाची प्रणाली आणली. आपल्याच सी-डॅकने 'बॉस' नावाची लिनक्स बनवून दीड तप उलटून गेलं. सरकारी ई-गव्हर्नन्स प्रणालींमध्ये ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं हे केंद्राचं धोरण २०१५ चं आहे. कागदावर सगळं आहे. मग तालुक्याच्या गावात एका ऑफिसातसुद्धा ते का दिसत नाही?

ठरलेलं उत्तर येतं, "लिनक्स अवघड असतंय हो." साफ खोटं. ज्या पोराला मोबाईल वापरता येतो त्याला मिंट किंवा उबुंटू वापरता येतं. अडतं ते वापरताना अडत नाही. अडतं ते टाकायच्या आधीच्या अर्ध्या तासात, हार्डडिस्कवर जागा करताना. आणि तिथे जे अडथळे येतात त्यातले बहुतेक लिनक्सने घातलेले नाहीत. ते मशीन विकणाऱ्याने, मशीन सेट करून देणाऱ्याने आणि विंडोजने आधीच घालून ठेवलेले आहेत.

"मग विंडोज उडवा आणि लिनक्सच टाका" असं पुण्या-मुंबईतले हौशी लोक सहज सांगतात. त्यांनी आमची ऑफिसं पाहिलेली नाहीत. जिल्ह्यातल्या छोट्या वर्तमानपत्रांची पानं अजूनही पेजमेकरवर लागतात. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. श्रीलिपी, आकृती असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले अंकांचे अंक पडलेत, ते युनिकोडमध्ये सरळ उघडत नाहीत. ग्रामपंचायतीत डिजिटल सहीचा डोंगल विंडोजवरच नीट चालतो. प्रत्येक ऑफिसात दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर रुसून बसतो. म्हणून आम्हाला दोन्ही लागतात, एकाच मशीनवर, शेजारी शेजारी. इंटरनेटच्या कामाला लिनक्स, जुन्या कामाला विंडोज आणि तेही शक्यतो नेटची वायर काढून.

आता डिस्क बघू. जुन्या मशीनवर डिस्कचा जो उतारा असतो त्याला एमबीआर म्हणतात. ही पद्धत १९८३ ची. सगळ्या वाटण्यांची नोंद ६४ बाइटच्या तक्त्यात, एका नोंदीला १६ बाइट, म्हणजे खातेदार चारच. पाचवा आला तर जागा नाही. त्यातली एक नोंद विंडोज स्वतःच्या 'सिस्टिम रिझर्व्हड'ला घेतं, दुसरी सी ड्राइव्हला. दुकानदार ग्राहक खूश व्हावा म्हणून डी आणि ई पाडून देतो. चार भरले! आता ई शेजारी तुम्ही कितीही जागा मोकळी करा, लिनक्सचा इन्स्टॉलर त्या जागेत काही करू शकत नाही. दोष कुणाला? लिनक्सला.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. शेवटच्या ड्राइव्हमधला डेटा बाहेर काढायचा, तो ड्राइव्ह काढून टाकायचा, त्या जागी 'एक्स्टेंडेड' वाटणी करायची आणि तिच्या पोटात लॉजिकल वाटण्या पाडायच्या. लिनक्सला लॉजिकल वाटणी चालते, ते कुरकुर करत नाही. पण हे करायला कुणी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडून मोकळ्या जागेत पाचवी वाटणी पाडायला गेलं, की ते एक खिडकी दाखवतं: डिस्क 'डायनॅमिक' करू का? आपल्याकडे खिडकी आली की 'यस' दाबायची सवय. इथे 'यस' दाबलं की ती डिस्क लिनक्सच्या इन्स्टॉलरच्या कामाची राहत नाही, आणि परत साधी करायला विंडोजची स्वतःची पद्धत म्हणजे सगळं पुसा. त्या इशाऱ्यात हे धड मराठीत नाही, धड इंग्रजीतही समजेल असं नाही. 'नो' दाबा, एवढंच लक्षात ठेवा.

दुसरा अडथळा. सी ड्राइव्हमध्ये दोनशे जीबी रिकामे दिसतात, पण 'श्रिंक' करायला गेलं तर विंडोज चार-पाच जीबीच सोडायला तयार. कारण पेजफाईल, हायबरनेशनची फाईल, सिस्टिम रिस्टोअर अशा काही फाइली ते हलवत नाही, आणि त्यातली एखादी मधोमध ठाण मांडून बसलेली असते. बांधावर एक झाड आहे म्हणून वाटणी अडावी तसं. हायबरनेशन, पेजफाईल आणि रिस्टोअर तात्पुरतं बंद करा, मशीन रीस्टार्ट करा, मग श्रिंक करा, मग परत चालू करा. बहुतेक वेळा जागा सुटते. 'फास्ट स्टार्टअप' मात्र कायमचं बंदच ठेवा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

तिसरा, पेनड्राइव्हचा. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा पुढे 'यूईएफआय' लावून आणि एकदा नुसता. विंडोज ज्या पद्धतीने बसलंय त्याच पद्धतीने लिनक्स बसवावं लागतं, नाहीतर दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' अशी ओळ असते, तिथे उत्तर लिहिलेलं असतं. दहा सेकंदांचं काम. करत कुणी नाही.

आणि घड्याळाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं, त्यामुळे विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. यावर आमच्याकडे सेल बदलून पैसे घेतले जातात. सेल बिचारा चांगला असतो.

हे सगळे अडथळे एकत्र काय करतात ते ऐका. लिनक्सच्या इन्स्टॉलरला जागा सापडली तर तो 'विंडोजच्या शेजारी बसवू का' असा पर्याय देतो. डिस्कचा उतारा वरच्यासारखा असेल तर तो पर्यायच दिसत नाही. उरतो ठळक दिसणारा एक पर्याय: 'इरेज डिस्क'. माझ्या ओळखीच्या एका साप्ताहिकात टेक्निशियनने तेच दाबलं. "सी उडेल, डी राहील" अशी त्याची समजूत. डिस्क म्हणजे सगळी डिस्क. चौदा वर्षांचे अंक गेले. त्यात काय होतं? पुराच्या वर्षीची पानं, पतसंस्था बुडाली तेव्हाच्या बातम्या, आणि मुख्य म्हणजे जमिनींच्या जाहीर नोटिसा. दहा वर्षांनी वाद कोर्टात गेला की वकील आणि शेतकरी नोटिशीची प्रत शोधत आमच्यासारख्यांच्या ऑफिसात येतात. त्या ऑफिसातल्या छापील फाइली वाळवीने कधीच खाल्ल्यात. आता त्या माणसाला काय सांगायचं, पेनड्राइव्हने नेल्या म्हणून?

इथपर्यंत जुन्या मशीनचं झालं. यावर लोक म्हणतात, मग नवीनच घ्या ना, कटकट संपेल. नव्यात कटकट मोठी आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून मशीन सुरू केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पूर्वी त्याला हार्डवेअरच्या बऱ्याच अटी होत्या, २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्या सैल झाल्या, त्यामुळे साध्या होम आवृत्तीच्या मशीनवरही हे होतं. कुलूप वाईट नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर उपयोगीच आहे. प्रश्न किल्लीचा आहे. ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते ज्याने पहिल्यांदा लॉगिन केलं. शाळेच्या मशीनवर पहिल्यांदा लॉगिन कोण करतं? मुख्याध्यापक? सरपंच? खोकं उघडून मशीन लावून देणारा पोरगा करतो, स्वतःच्या मोबाईल नंबरावर काढलेल्या खात्याने, कारण त्याला चार वाजता दुसऱ्या गावात पोचायचं असतं. पोराला मी दोष देत नाही. त्याला तसं करू नको असं कुणी लिहून दिलेलंच नाही.

पुढे बायोसमध्ये एखादी सेटिंग बदलली, मदरबोर्ड बदलला, दुसरी प्रणाली टाकायला घेतली, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडे मागतो. पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. खात्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. मग डेटा गेला, मंत्रालयातून फोन आला तरी गेला. पैसे शाळेचे, मशीन शाळेचं, पोरांचे दाखले शाळेचे, आणि सातबारा भलत्याच्या नावावर.

"लिनक्सची जबाबदारी कोण घेणार?" हा प्रश्न मला एका अधिकाऱ्याने विचारला. प्रश्न रास्त आहे. पण आत्ता कोण घेतंय? ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक अपडेट आलं आणि शेजारी लिनक्स असलेली कितीतरी मशीन लिनक्समध्ये सुरूच होईनात. दोन प्रणाली असलेल्या मशीनला हे अपडेट लागू होणार नाही, असं कंपनीने आधी सांगितलं होतं. पक्की दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. नऊ महिने. त्याची जबाबदारी कुठल्या ऑफिसने कुणावर टाकली? टेंडरमध्ये रॅम किती, प्रोसेसर कुठला, वॉरंटी किती वर्षं हे सगळं असतं. डिस्क कशी वाटून देणार आणि किल्ली कुणाच्या हातात देणार, याची ओळ नसते.

ती ओळ टाकायला कायदा लागत नाही, बजेट लागत नाही. मशीन ताब्यात घेताना डिस्कच्या वाटण्यांचा छापील उतारा घ्या. डिस्क कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की कागदावर, सीलबंद पाकिटात, कार्यालय प्रमुखाच्या कपाटात. बायोसचा पासवर्ड त्याच पाकिटात. पहिलं लॉगिन संस्थेच्या खात्याने. आणि जुनं मशीन निर्लेखित करायच्या आधी त्यावर दुसरी प्रणाली चालवून पाहिली का, याचा एक परिच्छेद प्रस्तावात असावा, खाली सही करणाऱ्याच्या नावासकट.

आमच्या तालुक्यापुरतं मी सुरू करतोय. माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे, प्रश्न तीनच आहेत: मागच्या पाच वर्षांत घेतलेल्या संगणकांच्या रिकव्हरी की कुणाच्या ताब्यात आहेत, पहिलं लॉगिन कुणाच्या खात्याने झालं, आणि २०२५ नंतर किती संगणक निर्लेखनासाठी सुचवले व कुठल्या कारणाने. ज्यांना आपल्या गावासाठी हवा त्यांनी इनबॉक्समध्ये कार्यालयाचं नाव पाठवा, मसुदा देतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट तेवढं तुमचं तुम्ही लावा.