कार्डचोराला जामीन, खातेदाराला हेलपाटे

सास्तूरसारख्या गावात क्रेडिट कार्ड म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे पीककर्जाचे किसान क्रेडिट कार्ड उभे राहते. ती योजना १९९८ ची. २०१४ पासून जनधन खात्यांबरोबर रुपे कार्डेही घरोघरी पोहोचली. १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या या गावाला आघात नवे नाहीत. पण दूरध्वनीवर गोड बोलून कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी काढून घेणारा चोर नवा आहे. या चोराला कायद्याची जरब किती?

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणे (कलम ६६-सी) व संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणे (कलम ६६-डी) हे स्वतंत्र गुन्हे ठरले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मात्र याच कायद्याने तीन वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे जामीनपात्रही करून टाकले! उलट भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या ४२० प्रमाणेच, साध्या फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे व तो गुन्हा अजामीनपात्र आहे. म्हणजे यंत्राआड लपून लुटणारा समोरासमोर ठकविणाऱ्यापेक्षा सुखी. त्यात २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या एका प्रकरणात, विशेष कायदा लागू असताना त्याच कृत्यासाठी दंडसंहितेची कलमे लावता येत नाहीत, असा अर्थ लावला. आरोपीच्या वकिलाला आणखी काय हवे?

संघटित टोळ्यांसाठी न्याय संहितेत किमान पाच वर्षे ते जन्मठेप अशी कठोर तरतूद आहे, हे खरे. परंतु त्यासाठी मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल असावी लागतात. नवख्या टोळीला ती लागू करणे सोपे नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण बोलके आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण लूट सुमारे ९४ कोटींची. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. सर्वाधिक शिक्षा चार वर्षांची!

तपासाची स्थितीही चिंताजनक आहे. या कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक वा त्यावरील अधिकाऱ्यानेच करावा, असा नियम आहे. ग्रामीण भागातील अनेक ठाण्यांचा कारभार मात्र सहायक निरीक्षकाकडे असतो. तक्रारदार अशा वेळी हेलपाटे घालीत राहतो.

भरपाईची वाट फारशी कुणाला ठाऊकच नाही. कायद्याच्या ४६ व्या कलमान्वये राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. २०१३ मध्ये त्यांनी फसव्या ई-मेलला बळी पडलेल्या पुण्याच्या एका उद्योजकाला पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला होता. ग्राहकाचीही चूक होती. तरी बँकेची हयगय झाकली गेली नाही. पण हे कार्यालय मंत्रालयात. वीस हजार रुपये गमावलेला सास्तूरचा शेतकरी मुंबईच्या खेपा कशाच्या बळावर घालणार?

शिक्षेची मर्यादा वाढविणे संसदेच्या हाती आहे, त्याला वेळ लागेल. परंतु न्यायनिर्णय अधिकारी नेमण्याचा अधिकार याच कलमाने केंद्र सरकारला दिलेला आहे. अनुभवी अधिकारी शोधून प्रत्येक महसूल विभागासाठी एकेक नेमला, तर धाराशिवच्या खातेदाराची सुनावणी छत्रपती संभाजीनगरला होऊ शकेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.