पूररेषा कोणाच्या सोयीची?

कृष्णेला महापूर आला की सत्ताधाऱ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो : 'अभूतपूर्व'. महापूर २००५ साली आला, २०१९ साली आला, २०२१ साली पुन्हा आला. सोळा वर्षांत तीनदा घडणाऱ्या गोष्टीला अभूतपूर्व म्हणायचे असेल, तर त्या शब्दाला अर्थ उरलेला नाही. उरली आहे ती सबब.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसे बुडाली. ह्या साऱ्याचा दोष एकट्या निसर्गाच्या माथी मारता येणार नाही.

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जुन्या नोंदींवरून आखली जाते. उद्याचा पाऊस कालच्यासारखाच पडेल, हे त्यामागील गृहीत. ते आता ढासळले आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्रही तापतो आहे. तरीही जुन्या नोंदींना वेदवाक्य मानण्याचा हट्ट का? रेषा वर सरकली की नदीकाठच्या भूखंडांचे भाव उतरतात, आणि भूखंडांचे धनी सत्तेच्या निकट असतात. पाणी मात्र आधी शिरते ते सखल वस्तीतील मजुराच्या घरात.

धरणांचेही तेच. १०५ टीएमसीचे कोयना धरण विजेसाठी आणि सिंचनासाठी भरलेले हवे; पूर अडविण्यासाठी ते काही अंशी रिकामे हवे. हा पेच खरा आहे. परंतु ते किती रिकामे ठेवावे, हा प्रश्न केवळ अभियंत्यांच्या कोष्टकाचा नव्हे. कोणाचे नुकसान पत्करायचे, हा राजकीय निर्णय त्यात दडलेला असतो. तो बंद दाराआड होता कामा नये.

अंदाज कधीच निर्दोष नसतो. पण तो लपविणे हा गुन्हा आहे. 'इतके हजार क्युसेक सोडले' एवढ्याने गावकऱ्याला काय उमगणार? कोणत्या गल्लीत, केव्हा, किती फूट पाणी चढण्याचा संभव आहे, हे त्याला वेळेवर कळले पाहिजे. बदलत्या पावसाचा हिशेब धरून पूररेषा नव्याने आखल्या जाव्यात, त्यांचे नकाशे प्रत्येक ग्रामपंचायतीत लागावेत आणि धरणांच्या नियोजनात पूरग्रस्तांचे प्रतिनिधी बसावेत.

पूर ओसरल्यावर धान्य वाटणे ही दया झाली. पूर येण्यापूर्वी सत्य सांगणे हा न्याय आहे. कार्यकर्त्यांनी लढायचे आहे ते ह्या न्यायासाठी, आणि तेही पुढच्या पावसाळ्यापूर्वी.