भाड्याचा फ्लॅट एअरबीएनबीवर टाकून लाख रुपये? अंधेरी ते मुलुंड हे गणित कुठे अडतं

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला आतेभावाने एक रील पाठवली. 'स्वतःचं घर नसतानाही महिन्याला लाख रुपये!' रीलमधला मुलगा सांगत होता, फ्लॅट भाड्याने घ्या, मस्त फर्निचर लावा, एअरबीएनबीवर रात्रीच्या हिशोबाने टाका, मधला फरक तुमचा. भावाने तर मरोळमधला एक वन बीएचके बघूनही ठेवला होता. मेट्रो वनचं स्टेशन जवळ, टी-टू टर्मिनल रिक्षाच्या अंतरावर. "तुला टेकमधलं कळतं ना, मग मला लिस्टिंग सेट करून दे," एवढंच त्याचं म्हणणं.

लिस्टिंग काय, अर्ध्या तासात होतं. फोटो, ओळखपत्र, पॅन, बँक खातं, झालं. खरी भानगड पुढे आहे. अ‍ॅप रात्री मोजतं, मुंबईतले भाड्याचे कागद अकरा महिने मोजतात. या दोघांचा मेळ कसा घालायचा, हे रीलवाल्याने कुठेच सांगितलं नव्हतं.

रीलमधल्या प्रकाराला रेंटल आर्बिट्राज म्हणतात आणि तो बहुतांशी अमेरिकन व्हिडिओंमधून उचललेला आहे. आपल्याकडे उपनगरातले फ्लॅट सहसा लीव्ह अँड लायसन्सवर मिळतात. म्हणजे तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, तुम्हाला फक्त जागा वापरायचा परवाना मिळालेला असतो. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम 56 सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर असा परवाना दुसऱ्याला देता येत नाही. वर बहुतेक करारांत पोटभाडेकरू ठेवायचा नाही, अशी अटही असतेच. भावाच्या ब्रोकरने पाठवलेल्या मसुद्यात ती होतीच. त्याने वाचली नव्हती. (फोनवर आलेली पीडीएफ शेवटपर्यंत कोण वाचतं म्हणा.)

"मग घरमालकाची लेखी परवानगी घेऊ," भाऊ म्हणाला. घेता येईल, पण मालक ती देईल का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे काम आता घरबसल्या होतं, नोंदणी विभागाच्या साइटवर आधार आणि अंगठा देऊन. पण शुक्रवारी येऊन रविवारी जाणाऱ्या पाहुण्यासाठी अंगठ्याचं मशीन कोण घेऊन बसणार?

यानंतर येतो सोसायटीचा गेट. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने दिला की नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोसायटीला द्यायची असते. मग सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण राज्य सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. अकरा महिन्यांच्या कुटुंबासाठी ही व्यवस्था ठीक आहे. दर दोन दिवसांनी नवी ट्रॉली बॅग लिफ्टमध्ये शिरत असेल, तर सेक्रेटरीने फाइलला नेमकं काय लावायचं? त्यांची चिडचिड आपल्याला खडूसपणा वाटते, पण 26/11 नंतरच्या मुंबईत अनोळखी माणसाची नोंद कुणाकडे आहे, हा प्रश्न पोलीस आधी मालकाला आणि मग सोसायटीला विचारतात. मुंबई पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. पाहुणा परदेशी असेल तर तो आल्यापासून 24 तासांत त्याची माहिती एफआरआरओच्या पोर्टलवर भरावी लागते, मग तो हॉटेलात उतरो की तुमच्या हॉलमधल्या सोफ्यावर.

आता पैसे. हे आकडे मी आणि भावाने वडापाव खात मांडलेत, अंदाजाचेच आहेत. समजा भाडं 50,000. रील म्हणते 3,500 गुणिले 30 रात्री, म्हणजे 1,05,000. पण महिन्याच्या तीसही रात्री कुणाच्या भरतात? निम्म्या भरल्या तर 52,500. प्लॅटफॉर्मचा वाटा 3 टक्के धरला तर 1,575 गेले. सात वेळा साफसफाई आणि चादरी, 500 प्रमाणे 3,500. वीज-वायफाय 5,000. हातात उरले 42,425, आणि भाडं भरायचंय 50,000. डिपॉझिट, एसी, गादी, वॉशिंग मशीन अजून धरलेलंच नाही. भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वीस रात्री धर." वीस धरल्यावर आठ-नऊ हजार सुटतात, पण एक महिना रिकामा गेला की मागच्या पाच महिन्यांचं साफ होतं.

कराची बाजू मात्र वाटते तेवढी भीतीदायक नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. होस्टची स्वतःची जीएसटी नोंदणी गरजेची नसेल, तर तो कर भरायची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर येते. मिळालेलं उत्पन्न आयकरात दाखवायचं, ते सुटत नाही.

ही कटकट फक्त मुंबईची आहे असं नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023 पासून नियम कडक केले. 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणी हवी, होस्ट त्याच घरात हजर हवा, पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनाने तर दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने 2028 पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. शेजारच्या गोव्यात पर्यटकांना घर देणाऱ्यांसाठी 1982 पासून पर्यटन व्यवसाय नोंदणीचा स्वतंत्र कायदा आहे. रिकामा फ्लॅट हॉटेलसारखा चालवला की शहरं वैतागतात, पण घरात राहणाऱ्या यजमानाला ती बऱ्यापैकी चालवून घेतात.

आपल्याकडच्या सरकारी योजनांचा कलही तोच आहे. केंद्राच्या इन्क्रेडिबल इंडिया बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत एक ते सहा खोल्या नोंदवता येतात, पण मालक कुटुंबासह तिथे राहत असला पाहिजे. राज्याचीही निवास व न्याहारी योजना आहे. मरोळचा रिकामा वन बीएचके यात बसत नाही.

बसते ती आत्याची खोली. मुलुंड पूर्वेला तिचा टू बीएचके आहे. ताईचं लग्न झाल्यापासून आतली खोली इस्त्रीच्या कपड्यांनी भरलीय. पश्चिमेला फोर्टिस हॉस्पिटल आहे, तिथे पेशंटच्या नातेवाइकांना चार-पाच दिवसांची जागा लागते. घर तिचं स्वतःचं, राहतेही तिथेच, म्हणजे परवान्याचा प्रश्न उरत नाही. महिन्याला दहा-बारा हजार सुटले तरी वरचे, कारण भाडं द्यायचं नाही.

मरोळच्या ब्रोकरला भावाने नकार कळवला. टोकनचे पाच हजार परत मिळतील का, ते अजून कळलेलं नाही. आत्याने सोसायटीला पत्र लिहिलंय, हाताने, दोन पानी. कमिटीची मीटिंग रविवारी आहे. तिला चिंता वेगळीच आहे. सकाळी सातला निघणाऱ्या पाहुण्यासाठी पोहे कोण करणार, हे तिने भावाला दोनदा विचारलं, आणि त्याने दोन्ही वेळा विषय बदलला.